अनुसयाचं पासबुक

बमरोलीच्या त्या चाळीत पार्वतीला पार्वती म्हणणारं फारसं कुणी नव्हतं. नवरा तिला "राखीनी माय" म्हणून हाक मारी, शेजारणी राखीची आई म्हणत, आणि साड्यांचे गठ्ठे टाकायला येणारा माणूस "ओ बेन" एवढ्यावर भागवी. पण तिच्याच खोलीत, बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्यात अगदी तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पोस्टाचं एक पासबुक होतं आणि त्यावर गुजराती अक्षरांत तिसरंच नाव होतं: अनुसया भिकन महाजन.

या अनुसयाला सुरतेत दोघीच ओळखत होत्या. एक पार्वती स्वतः आणि दुसरी, पोस्टाचे हप्ते गोळा करणाऱ्या हर्षदाताई.

अनुसया हे पार्वतीचं जन्माचं नाव. पारोळ्याजवळच्या गावात, वडील सुकलाल चौधरींच्या घरी, लग्नाच्या दिवसापर्यंत ती अनुसयाच होती. पण सासरी निघाली तेव्हा अडचण झाली, कारण सासूचं नावही अनुसयाच होतं. आता आईचं नाव घेऊन मुलगा बायकोला हाक कशी मारणार? म्हणून लक्ष्मीपूजनाच्या वेळी तांदळाचं ताट पुढं आलं, आणि सातवी शिकलेल्या भिकननं अंगठीच्या कडेनं, जीभ दातांत धरून, त्यात 'पार्वती' असं लिहिलं. नव्या नवरीला ते मोठ्यानं वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. त्या घरात तिनं वाचलेली पहिली गोष्ट ती. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात शिजला आणि सगळे जेवले.

भिकन वाईट नव्हता. पांडेसऱ्याच्या कारखान्यात बारा-बारा तास माग चालवी, दारूला शिवत नसे, पोरीवर जीव होता. त्याची एकच खोड होती: घरात पैसा साठला की तो गावाकडे पाठवी. धाकटा भाऊ गोपाल गावी शेती बघायचा, आणि सुरतेत चार नोटा एकीवर एक बसल्या की त्याला तिकडे वास लागायचा, असं पार्वतीला खरंच वाटे. एकदा छपराचे पत्रे, एकदा बैल, एकदा विहिरीची मोटर. मोटरीसाठी पार्वतीचे माहेरचे चांदीचे गोठ गेले. देताना भिकन म्हणाला होता, "आखाजीले परत करी दिसू." त्यानंतर बारा अक्षय्यतृतीया, बारा आखाज्या झाल्या.

गोठ गेले त्यानंतर काही वर्षांनी हर्षदाताई चाळीत आल्या. लग्नाआधी त्या भुसावळला शाळेत विज्ञान शिकवत. आता सायकलवरून उधना, बमरोली पालथी घालून बायकांकडून पोस्टाचे हप्ते घेत. बोलणं कमी आणि मोजकं.

"पाच वर्षं दर महिन्याला शंभर," त्या म्हणाल्या होत्या. "व्याजावर व्याज चढतं. विरजण लावल्यासारखं आहे. भांडं हलवायचं नाही, बोट घालून बघायचं नाही. मग दही लागतं."

पार्वती तेव्हा साड्यांचे धागे कापत होती. विणताना साडीच्या उलट्या बाजूला सुटे धागे राहतात, ते कात्रीनं काढायचे. साडीमागे बारा आणे. तिनं कात्री खाली ठेवली.

"घरी कळलं तर?"

"पासबुक तुझं. कुणाला दाखवायचं ते तू ठरवायचं."

"नाव कोणतं सांगू?"

हर्षदाताईंना हा प्रश्न कळला नाही. "तुझं सांग," त्या म्हणाल्या.

आणि पार्वतीच्या तोंडून निघून गेलं, "अनुसया." चुकून एखादा कागद पोस्टमननं चाळीत आणलाच, तर इथं कुणी अनुसया राहत नाही म्हणून तो परत जाईल, हा हिशेब त्यात होताच. पण नुसता तेवढाच नव्हता.

पाच वर्षांत हप्ता एकदाच चुकला. प्लेगच्या वर्षी सगळी बमरोली रातोरात रिकामी झाली, तेव्हा. गावाहून परतल्यावर पार्वतीनं तो दंडासकट भरला. गावी जाताना तिनं राखीचा हात आणि बिबड्यांचा डबा धरला होता. गाडीच्या गर्दीत भिकन म्हणाला, "येडी व्हयनी का वं? गावले बिबडा नहीत का?"

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये मुदत भरली. आणि अगदी त्याच सुमाराला मगनभाईनं पिकोचं मशीन विकायला काढलं.

मगनभाई म्हणजे तिला साड्या देणारा. त्याचं दुकान उधन्याला. मुलानं कतारगामला हिऱ्याचं काम सुरू केलं, म्हणून तो दुकान आवरून तिकडे जाणार होता. मशीन जुनं पण मोटरीसकट, सात हजार. उधन्यातल्या कुठल्याही दुकानातून साडीच्या कडांना पिको करायचे साडीमागे दोन रुपये मिळत, आणि ते करायला धाग्याइतकी बारीक नजर लागत नसे. हे दुसरं कारण पार्वतीनं कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीपासून तिला जवळचं धूसर दिसत होतं. दोनदा कात्री कापडात गेली होती, आणि दोन्ही वेळा मजुरीतून साडीची किंमत वळती झाली होती. अजून वर्षभर धागे कापले, तर तिच्या हातात काम उरलं नसतं.

"शनिवार सांज सुधी," मगनभाईनं मुदत घालून दिली होती. "पछी पांडेसरावाळो लई जशे. तो पाचशे जास्त देतो, बेन. पण तू पंधरा वर्षांपासून माझ्याकडे आहेस."

बुधवारी सकाळी पार्वती पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन पोस्टात गेली. खिडकीमागे नवा बाबू होता. त्यानं पासबुक पाहिलं, रेशनकार्ड पाहिलं, दोन्ही शेजारी ठेवली.

"पार्वती भिकन. अनुसया भिकन." त्यानं चष्म्यावरून बघितलं. "भिकनभाईने बे बायडी छे?"

रांगेत मागे कुणीतरी खिदळलं.

"एकच आहे," पार्वती म्हणाली. "मी."

"तो फिर ये अनुसया कौन?"

"ती पण मीच."

बाबू हसला नाही. "बेन, मैं मान लेता हूँ. पण उद्या दुसरी कोणी आली आणि बोलली, अनुसया मैं हूँ, तो? उसको क्या जवाब दूँ? तुमच्या लग्नाची पत्रिका आणा. नहीं तो नोटरी का कागज लाओ, कि दोनों नाम एक ही बाई के हैं. घरवाले की सही के साथ."

त्याचं खोटं काहीच नव्हतं. आपल्या पैशाची इतकी राखण आजवर कुणी केलेली पार्वतीनं पाहिली नव्हती. फक्त ती नेमकी तिच्यापासूनच चालली होती.

तिथून ती तडक उधन्याला हर्षदाताईंकडे गेली. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्हीच तर फॉर्म भरला होता."

"मी एवढंच लिहून देऊ शकते, की पाच वर्षांपूर्वी तू मला हे नाव सांगितलंस. तू खरं सांगितलंस याची मला खात्री आहे. पण मी ते पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्यावर मी सही करत नाही." त्यांनी पासबुक उघडून पाहिलं. "पत्रिका असेल का माहेरी?"

"बाबा गेल्यावर घर पडलं. पेटी वाळवीनं खाल्ली."

"मग तुझं नाव बदललं तेव्हा तिथं कोण होतं? इथं सुरतेत असलेलं कुणी?"

पार्वतीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. उत्तर दोघींनाही कळलं होतं. ज्यानं ताटात नाव लिहिलं, तोच.

"पाच वर्षं लपवलं त्यांच्यापासून," ती म्हणाली. "आता त्यांच्याच सहीसाठी जाऊ?"

"आठ हजारांच्या वर आहेत ते. नाही गेलीस, तर पोस्टात राहतील. बुडणार नाहीत. घाई मशीनची आहे, पैशाची नाही." हर्षदाताईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "आणि तुझ्या डोळ्यांची. तू पेला टेकवायला दोनदा जागा शोधलीस."

भिकनची त्या आठवड्यात रातपाळी होती. गुरुवारी सकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांवर कापसाची लव चिकटलेली होती. राखी शाळेला गेलेली. पार्वतीनं चहा दिला, त्याचा एक घोट होऊ दिला, आणि पासबुक त्याच्यासमोर ठेवलं.

"हाई काय शे?"

"वाचा."

गुजराती अक्षरं तो मालाच्या चिठ्ठ्यांवरून ओळखायला शिकला होता. बोट ठेवून त्यानं वाचलं. "अ... नु... सया." त्याचा चेहरा एकदम बदलला. कप त्यानं खाली ठेवला. "मनी मायना नाववर? तू मनी मायना नाववर पैसा टाकात?" आणि मग आणखी हळू, "मी पोटना पोर्‍या, माले कधी सुचनं नही. सून व्हयीसन तुले सुचनं!"

त्याचे डोळे भरून आले होते. पार्वतीला हे सुचलंच नव्हतं. क्षणभर तिच्या डोक्यात येऊन गेलं, की असंच राहू द्यावं. किती सोपं होतं! चाळभर नाव झालं असतं, सासूच्या नावानं साठवणारी सून. सही तर त्यानं आनंदानं ठोकली असती. आणि मग पैसा सासूचा, म्हणजे गावचा, म्हणजे गोपालचा.

"त्या सासूबाई नहीत," ती म्हणाली. "ती मी शे."

"तू?"

"मी अनुसया व्हतू. ताटमा तांदूय व्हतात, तुम्हीच दुसरं नाव लिखं. याद शे का नही?"

भिकन पासबुकाकडे बघत राहिला. मग त्यानं पानं उलटली. एक एक नोंद, एक एक शिक्का, साठ महिने. शेवटच्या पानापर्यंत येईस्तोवर चहावर साय धरली.

"माले काब्र सांगं नही?"

"सांगं असतं, ते पैसा आज कोठे असतात? तुम्हीच सांगा."

त्यानं पासबुक मिटलं. पार्वतीनं मशीनचं सांगितलं, शनिवारचं सांगितलं, बाबूनं काय कागद मागितला ते सांगितलं. डोळ्यांचंही सांगून टाकलं. तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. संध्याकाळी उठला, जेवणाच्या डब्याला हात न लावता कामावर गेला.

शुक्रवारी सकाळी तो घरी आला नाही. आठ वाजले, नऊ वाजले. पाळी सुटलेली माणसं केव्हाच चाळीत येऊन झोपली होती. शेजारच्या सीताबाईचा नवरा त्याच्याच खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "भिकनभाऊ टेलिफोनवाल्याकडं उभे दिसले बाबा. हातात चिठ्ठी होती."

टेलिफोन म्हणजे गाव. गाव म्हणजे गोपाल. पार्वतीनं साडी पुढ्यात ओढली, पण कात्री हातात घेतली नाही. आज तिसरी साडी बिघडली असती. आपण सांगितलं ते बरोबर केलं की चूक, हे ती पुन्हा पुन्हा ताडून पाहत होती. एवढंच ठाऊक होतं, की सांगितलं नसतं तर पैसा पोस्टात राहिला असता आणि मशीन पांडेसऱ्याला गेलं असतं. आता दोन्ही जातील.

अकराला भिकन आला. दारातच उभा राहिला. हातात घडी केलेला स्टॅम्पपेपर होता.

"चाल," तो म्हणाला. "नोटरी बाराले जेवाले जास."

"तुम्ही गावले फोन कया?"

"कारखानाना मुनीम रघुनाथले, त्याना घर कया. कागद कसा करतस, ते इचारं." मग जरा चिडून, "गोपालले काब्र करू? त्याना काय संबंध?"

उधन्याला नोटरीच्या टपरीबाहेर बाकड्यावर त्यांचा नंबर यायला वेळ होता. समोरून साड्यांच्या गाठींनी लादलेले टेम्पो जात होते. भिकननं विडी काढली, पेटवली नाही.

"तीन वर्षंमा दुप्पट," तो अचानक म्हणाला.

"काय?"

"खात्यात एक जण सागाच्या लागवडीसाठी पैसे गोळा करायला येत होता. पावती द्यायचा, रंगीत, वर सागवानाचं झाड छापलेलं. सगळ्यांनी टाकले. मीबी टाकले. चार हजार." हे मराठी बोलणं तो बाहेरच्या माणसांशी बोलताना वापरी, ते तिच्याशी बोलताना का निघालं, कोण जाणे. "होळीपासून हाफिसाला कुलूप शे."

पार्वतीनं त्याच्याकडे पाहिलं. चार हजार. म्हणजे पगार कमी झाला, जादा पाळी मिळत नाही, असं तो गेली दोन वर्षं सांगत होता, ते हे.

"माले काब्र सांगं नही?" ती म्हणाली.

त्याला ते लागलं, आणि हसूही आलं. दोन्ही एकदम. "तू पाच वरीस लपाडं, ते वाढनं," तो म्हणाला. "मी दोन वरीस लपाडं, ते बुडी गयं. सांगू कोन्ले?"

"ती पावती शे का?"

"शे."

"फेकू नका. हर्षदाताईले दाखाडू."

"काय करतीन त्या?"

"माहीत नही. पण झाड काढेल पावती दखीसन हासतीन नक्की."

तेवढ्यात आतून हाक आली. नोटरी म्हातारे गुजराती गृहस्थ होते. त्यांनी मजकूर टाइप करवून घेतला आणि वाचून दाखवला: लग्नापूर्वीचं नाव अनुसया सुकलाल चौधरी, लग्नानंतरचं नाव पार्वती भिकन महाजन, अनुसया भिकन महाजन आणि पार्वती भिकन महाजन ही एकच व्यक्ती. मग भिकनकडे वळून त्यांनी विचारलं, "नाम किसने बदला?"

"मैंने," भिकन म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "इससे किसी ने पूछा नहीं था."

नोटरींनी मान वर केली. "ए लखवानुं नथी," हे कागदात लिहायचं नसतं, असं सांगून त्यांनी सहीसाठी कागद पुढे सरकवला.

शनिवारी पोस्टाची खिडकी उघडली तेव्हा दोघं रांगेत सगळ्यांत पुढे होती. बाबूनं कागद दोनदा वाचला, शिक्का उलटसुलट करून पाहिला, आणि पैसे काढायचा फॉर्म पार्वतीकडे दिला. "पासबुकात आहे तशीच सही."

पाच वर्षांपूर्वी केली होती तशी तिनं सही केली. अनुसया. पेन चाललं तेव्हा शेजारी उभ्या भिकननं खिडकीकडून नजर काढून बाहेर रस्त्याकडे बघितलं. आईचं नाव असं बायकोच्या हातून कागदावर उतरताना पाहणं त्याला अवघड गेलं असावं. पार्वतीनं ते ओळखलं आणि त्याचा राग केला नाही.

दुपारी दोनच्या आत मगनभाईचे पैसे पोचते झाले. हातगाडीवर मशीन चाळीत आलं तेव्हा बाया गोळा झाल्या. सीताबाईनं मोटरीवर हात ठेवला. "भिकनभाऊ, लॉटरी लागली का काय?"

"माले कसानी लॉटरी?" भिकन गाडीचा दोर सोडत म्हणाला. "ज्यानं लिधं, त्याले इचारा."

"म्हणजे कुणाला?"

भिकननं पार्वतीकडे हनुवटी केली आणि मशीनच्या पायाला खांदा लावला.

पहिल्या आठवड्यात पार्वतीनं दोन साड्यांच्या कडा बिघडवल्या. दुसऱ्या आठवड्यात एकही नाही. जुलैच्या पहिल्या सोमवारी हर्षदाताई आल्या, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि सागवानाची पावती हातात घेऊन बराच वेळ वाचली. हसल्या नाहीत. "अशा पावत्या अजून कुणाकडे आहेत?" त्यांनी भिकनला विचारलं. "सगळे मिळून तक्रार देऊ. पैसे येतील असं मी म्हणत नाही. पण निदान दुसऱ्या खात्यात जाऊन तो पुन्हा झाड विकणार नाही." भिकननं सात नावं सांगितली. ती त्यांनी वहीत उतरवून घेतली.

मग त्यांनी नवा फॉर्म काढला. "या वेळी किती?"

"दीडशे," पार्वती म्हणाली. "आणि वारस राखीच."

"नाव पार्वती घालू? सगळे कागद त्या नावाचे आहेत. पुढच्या वेळी खिडकीवर त्रास नको."

पार्वतीनं मशीन थांबवलं. पिकोच्या सुईखालची साडी तिनं काढून घेतली, कड दिव्याकडे धरून तपासली. भिकन कोपऱ्यात दाढी करत होता. आरशातूनच तो म्हणाला, "तरास कसाना? कागद शे ना आते."

"म्हणजे कोणतं घालू?" हर्षदाताईंनी विचारलं. त्या भिकनकडे नाही, पार्वतीकडे बघत होत्या.

"पयलं," पार्वती म्हणाली. "माझं."

नवं पासबुक हाती आलं त्या संध्याकाळी गोपालचं पत्र आलं होतं. पावसाचा जोर वाढायच्या आत गोठ्याची भिंत घ्यायची, म्हणून पैसे मागत होता. भिकननं ते वाचून पार्वतीच्या पुढ्यात ठेवलं. नवं पासबुक, नोटरीचा कागद आणि रेशनकार्ड तिनं एकाच पिशवीत घालून फळीवर ठेवलं, जिथं घरातल्या सगळ्यांचा हात पोचत होता. मग बिबड्यांचा डबा खाली काढला, तळापर्यंत हात घालून बिबडे उपसले आणि राखीला म्हणाली, "तवा ठेव. भाजू आज."